धुतलेली पक्कड

आमच्या शेजारच्या वहिनी पक्कड मागून नेतात आणि साबणाने घासून, ओलीच परत देतात. देवळाली प्रवरात आमची घरं कालव्याला लागून. इथे भिंतीसुद्धा वाळत नाहीत, लोखंडाला बघता बघता गंज चढतो. कितीदा सांगितलं, "वहिनी, धुऊ नका, पुसून तेलाचा हात फिरवा." तर म्हणतात, "दुसऱ्याची वस्तू खरकटी कशी द्यायाची, भावजी?" खरकटी! पक्कड!

काल मात्र पक्कड कोरडी आली, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. मी हरखलोच. आभार मानणार, तोच त्या म्हणाल्या, "तुमची हत्याराची पेटी वट्यावर हुती, लई घान झाल्ती. सगळं साबनानं घासून तसंच भरलं, अन् धूळ नको म्हनून झाकन गच्च लावलं."