दारावरचा खोटा डहाळा

माझ्या पणजीची पहिली मुलगी आमच्याच घरच्यांच्या खोटेपणाने गेली.

आज पणजीची पुण्यतिथी. फोटो टाकत नाही, तिला कॅमेऱ्याचा भारी राग होता. मी लहान असताना वरळी कोळीवाड्यात, मासळी निवडता निवडता, तिनेच हे मला सांगितलं.

अठराशे नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुंबईत प्लेग, त्यात देवीची साथ. सरकारी माणूस गल्लीत दिसला की लोक दारं लावून घ्यायचे.

पणजी परळला मासळी विकायची. तिथल्या पोरांच्या दंडावर देवी काढल्याच्या, म्हणजे लस टोचल्याच्या, खुणा होत्या. ती पोरं साथीतून वाचली होती.
तिला आपल्या मुलीला टोचून घ्यायचंच होतं.

पण नवरा समुद्रावर, आणि घरात शब्द सासूचा. तिला टोचणं नको होतं.

सासूने शक्कल लढवली. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. म्हणजे घरात देवी आल्यात, कुणी आत यायचं नाही.

देवी काढणारा दाराशी आला.
सासू म्हणाली, "आई आयलीय घरान. तू जा बाबा."

पणजी बाळाला घेऊन मागेच उभी. "नाय" म्हणायला तिने तोंड उघडलं. पण आई म्हणजे देवी, तिचं नाव निघाल्यावर ते खोटं कोण पाडणार?

तो हात जोडून निघून गेला.

शेजारी बघत होते, म्हणून सोंग पुरं करावं लागलं. घरात फोडणी बंद. बाळाला नावाने हाक मारायची नाही, देवी आलेल्या पोराला म्हणतात तसं "आई" म्हणायचं. पायांवर फूल ठेवायचं.
बाळ चांगलं धडधाकट. फूल धरून खिदळायचं.

"एक दिस मी तिला नावान हाक मारली गो," पणजी म्हणाली. "वळली नाय. सासूनं 'आई' म्हनलं, तशी वळली."



त्याच संध्याकाळी ताप भरला. मग फोड आले. बाळ गेलं.
डहाळा काढायची वेळच आली नाही.

सासू शेवटपर्यंत म्हणायची, आईला आमचं घर आवडलं.
पणजी म्हणायची, "आवडलं कसलं? आमीच बोलावली."

पुढची सगळी पोरं तिने स्वतः नेऊन टोचून आणली. कुणालाही न विचारता.

परवा बिल्डिंगमधली नवी आई म्हणाली, "बाळाचा लसीचा डोस राहिलाय काकू, घरचे नको म्हणतात." मी रिक्षा... नाही, इथे कुठली रिक्षा, टॅक्सी केली आणि दोघांना दवाखान्यात घेऊन गेले. बाळ जाम रडलं. मला फार बरं वाटलं.

पणजी, तुला आणि तुझ्या लेकीला मनापासून नमस्कार.
तिला देवी म्हणून नाही. आमचं बाळ म्हणून.