रांगेतली शेवटची वर्ना

दर सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या गावातल्या चर्चच्या आवारातून आठ मोटरसायकली निघतात आणि अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सुपीरियर सरोवराला वळसा घालून आठव्या दिवशी परततात. सगळ्यांत पुढे माझा नवरा ड्वेन, त्याच्या पाठीमागे बसलेली मी. सगळ्यांत शेवटी आमची मैत्रीण, वर्ना हाकाला.

शेवटची जागा कमीपणाची नाही. आमच्यात नियम एकच: मागचा माणूस आपल्या जबाबदारीचा. तो आरशात दिसेनासा झाला की थांबायचं. मग पुढचा थांबतो, त्याच्या पुढचा थांबतो, असं ड्वेनपर्यंत. शेवटच्याच्या मागे मात्र कुणी नसतं. म्हणून तिथं सर्वांत भरवशाचा माणूस हवा, आणि हत्यारांची पेटीही त्याच्याकडेच.

वर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होती. नवरा रायनो गेल्यावर ती त्याची मोटरसायकल विकून टाकेल असं सगळ्यांनी धरलं होतं. तिनं ती चालवायला शिकून घेतली आणि पुढच्या सप्टेंबरात डबाभर पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या करंज्या, घेऊन चर्चपाशी हजर झाली. त्याच सफरीत आमच्यातल्या गॉर्डीचं पंक्चर तिनं पावसात बसून काढलं. तेव्हापासून अठरा वर्षं शेवटची जागा तिची.

गेल्या हिवाळ्यात तिचा खुबा बदलला. जड दुचाकी पायांवर तोलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

"या वर्षी मोटारीतून ये," ड्वेन म्हणाला. "सामानही त्यातच टाकू."

"म्हणजे मीही सामानच की," वर्ना म्हणाली, आणि रायनोची गाडी देऊन तिनं तीनचाकी मोटरसायकल आणली.

तीनचाकी पडत नाही, पण दुचाकीवाल्याला ती दगा देते. थांबताना सवयीनं पाय खाली जातो आणि मागचं रुंद चाक त्यावर चढतं. पहिल्याच दिवशी वर्नाच्या बुटाची टाच चेपली. तिनं नाताळच्या सामानातली घुंगरं काढून दोन्ही बुटांना शिवली. पाय खाली गेला की छुम्! सगळा उन्हाळा चर्चच्या आवारात सरावासाठी तिची गाडी फिरत होती.

"नाताळ लवकर आला यंदा," गॉर्डी कुंपणावरून म्हणाला.

"तुझ्यासाठी काही आणलेलं नाही," वर्ना म्हणाली.

ऑगस्टपर्यंत घुंगरं गप्प झाली. तरी निघताना ड्वेननं तिला सातव्या जागी ठेवलं आणि शेवटी गॉर्डीला. वर्नानं पेटी गॉर्डीच्या हातात दिली. "जड आहे. खुब्याला जप," एवढंच म्हणाली. पण दुपारी जेवताना तिनं पास्टीला हातही लावला नाही.

तिसऱ्या दिवशी, कॅनडाच्या बाजूच्या चढावर, सरोवरावरून धुकं आलं. वर्नाच्या आरशातून गॉर्डीचा दिवा गेला. ती थांबली. एकामागून एक सगळे थांबलो. अरुंद रस्ता, वर चढ. तिथं दुचाकी वळवायची तर दोघांनी ढकलायला हवं. वर्नानं तीनचाकी रिव्हर्स गिअरमध्ये मागं घेतली, वळवली आणि धुक्यात शिरली.

ड्वेन हातमोजे काढत होता, घालत होता. वीस मिनिटांनी दिवा दिसला. वर्नाच्या पाठीमागे बसलेला गॉर्डी, मांडीवर पेटी, गुडघा खरचटलेला.

"कडेला थांबलो, पाय टेकला आणि खडीवरून घसरला," तो म्हणाला. "गाडी आडवी. उचलेना."

"घुंगरं देऊ का?" वर्नानं विचारलं.

चौघांनी जाऊन गॉर्डीची गाडी उभी केली. ड्वेननं पेटी उचलून वर्नाच्या गाडीत ठेवली. "मागं जा बाई. तू मागे नसलीस की माझं पुढं लक्षच लागत नाही."

लग्नाला चाळीस वर्षं झाली, मला कधी असं काही म्हणाला नाही. पण म्हटलं, जाऊ दे.

आठव्या दिवशी गावात शिरलो तर आमच्या एकुलत्या एक सिग्नलला लाल दिवा. सात डावे पाय एकदम रस्त्यावर टेकले. मी वळून पाहिलं. वर्नाचे दोन्ही बूट पाय ठेवायच्या पट्टीवर, जागच्या जागी. घुंगरू वाजलं नाही.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि दिवा हिरवा होईपर्यंत दोन्ही टाचा पट्टीवर आपटत राहिली. छुम्, छुम्, छुम्.