डाव्या मुठीतली तपकीर

दुपारी जेवून शशिकांत उकिडवे आडवे होतात, तेव्हा पलंग नेहमीप्रमाणे डावीकडे कलतो. स्कूटर घसरून डोकं आपटल्यापासून त्यांच्यापुरतं सगळं जगच डावीकडे कलतं. त्या दिवशी हेल्मेट डोक्यावर नव्हतं, आरशाला अडकवलेलं होतं. आरशाला ओरखडासुद्धा आला नाही. उकिडव्यांचा मात्र तोल गेला, डाव्या हाताची पकड गेली आणि नाकाचा वास साफ गेला.

पैकी वास ‘आला परत’ असं त्यांनी घरात सांगून टाकलंय. मुग्धाचं बाळंतपण जवळ आलंय, आणि वास न येणाऱ्या नवऱ्याला गॅसपाशी एकटं सोडून नीलिमाताई लेकीकडे जायच्या नाहीत. म्हणून फोडणी तडतडली की उकिडवे म्हणतात, “वा, काय घमघमाट.” काल आमटी करपली तेव्हाही म्हणाले. तेव्हापासून बायको त्यांच्याकडे तिकीट तपासनिसासारखी बघते.

पलंग आणखी कलतो आणि उकिडवे घसरत घसरत फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये पोचतात. चालायच्या दोन दांड्यांमध्ये कुणीतरी त्यांच्याच घरचा ओटा आणून बसवलाय. त्यावर पाय सोडून कुसुमआत्या बसलीय. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण नऊवारीची इस्त्री ताजी आहे.

“तू खरी आहेस की माझ्या मेंदूचा घोटाळा?”

“तुझ्या मेंदूला एवढं जमलं असतं तर दहावीला गणित सुटलं असतं, शशा.”

“नीलिमानं पाठवलं ना तुला?”

“भाचेसुनेचं मी जिवंतपणी ऐकलं नाही, आता ऐकीन होय?” आत्या कमरेची डबी काढते. “ओढ.”

“ही तपकीरच कशावरून?”

“वास घे की मग.”

उकिडवे नाक पुढे करतात. “वा, काय घमघमाट.”

आत्या शांतपणे डबी मिटते. “तपकिरीला घमघमाट नसतो. शिंक असते.”

ओट्यावर आता शेगडी आहे. ज्योत दिसत नाही.

“गॅस सुरू आहे की बंद?”

“बंद,” उकिडवे ठोकून देतात.

“सुरू आहे. ती गेल्यावर कोण सांगणार तुला?”

“तू येशील.”

“मला वेळ नाही.” आत्या त्यांच्या डाव्या हातावर चिमूट ठेवते. “धर. सोडू नकोस.”

“हा हात काही धरत नाही. कप सोडतो, किल्ल्या सोडतो.”

“हा कप नाही.”

चहाच्या वेळेला जाग येते. डावी मूठ घट्ट आवळलेली. उजव्या हातानं एकेक बोट सोडवावं लागतं. तळव्यावर चिमूटभर तपकिरी पूड. पलंगाचा भुसा असेल. नसेलही. ते हात नाकाशी नेतात. काही नाही.

घरात चालणारं नाक एकच. त्याला विचारलं तर आपलं बिंग फुटणार. न विचारलं तर जन्मभर शंका खात राहणार. उकिडवे भिंत धरत धरत निघतात.

नीलिमाताई बॅग भरतायत.

“अगं, जरा याचा वास घे.”

“तुम्ही का नाही घेत?”

उकिडवे तळवा आणखी पुढे करतात. नीलिमाताई वाकून हुंगतात आणि सणसणीत शिंकतात. मग सावकाश नाक पुसतात.

“कालची आमटी करपलेली कळली नव्हती ना?”

“नाही.”

“मोठी बॅग काढा माळ्यावरची. नको, तुम्ही नका चढू, मी काढते. तुमचेही शर्ट घेऊ.” त्या पुन्हा हाताकडे बघतात. “आणि ते झटकून टाका आधी.”

उकिडवे मूठ मिटतात. मिटलेली राहते.