मामंजींचे उडणारे झिंगुर

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, मुलांना नाही, देवासमोरसुद्धा पूर्ण वाक्यात कधी बोलले नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते माझं मलाच ठाऊक नाही.

माझे सासरे संस्थानच्या फौजेत होते. संस्थान गेलं, नवा मध्य प्रदेश झाला, आणि मामंजींकडे उरला एक पाळलेला तित्तर पक्षी. त्याच्या खाण्यासाठी ते मागच्या अंगणात पत्र्याच्या कनस्तरात रातकिडे वाढवायचे — इंदूरात आम्ही झिंगुरच म्हणतो. तोंडाला मलमल बांधलेली, आत वाळकी पानं, कोबी, ओला कापूस. आमच्या दोन खोल्या, दोन लहान मुलं, आणि सतत ती किरकिर. मी कंटाळले होते. हे आधीच सांगून ठेवते.

वैशाखातली संध्याकाळ होती. दिवसभर गरम वाऱ्याची लू चाललेली, फरशी अजून तापलेली. मी गहू निवडत बसले होते. मामंजींनी मलमल सोडली, आणि —

कसं सांगू? झिंगुर उडी मारतो, फार तर फडफडतो. हे उठले. एकामागून एक, सरळ वर, चुलीतून धूर निघावा तसे. लांब, पातळ पंख उघडून आमच्या डोक्यांवर गोल फिरू लागले. मावळतीचा उजेड त्या पंखांतून गाळून खाली येत होता. किरकिर थांबलेली, नुसती एक मऊ घरघर. एक माझ्या मनगटावर बसला, बांगड्यांना लागून. पंख मिटले, पुन्हा उघडले, गेला. मग सगळेच लिंबाच्या झाडावरून पलीकडे गेले. मी सूप मांडीवर धरून तशीच बसले होते. किती वेळ? कोण जाणे.

"देखा बेटा? उडाले," मामंजी म्हणाले. मी हसून मान हलवली.

त्यांनी ते सगळ्या गल्लीत सांगितलं. लोक हसले. त्याआधी एकदा लालबागेहून परतताना ते रस्ता चुकले होते, म्हणून आमच्या घरात मात्र कुणी हसेना. हातोद गावाहून थोरले दीर आले. दोघा भावांचं बोलणं झालं — डोकं ठिकाणावर नाही, शहरात सांभाळणं कठीण, हातोदला नेऊ. मामंजींना जायचं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "सूनबाईला विचारा. ती तिथेच होती."

दीर माझ्याकडे वळले. "काय गं, खरंच उडाले का?"

एकच शब्द होता — हो. जिभेवर आलेलाही होता. आणि मला मामंजींची खोली दिसली — रिकामी, शांत, मुलांची गादी पसरलेली.

"मी आत होते, भावोजी. मला काही दिसलं नाही."

मामंजी रागावतील असं वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "असेल. आत असेल ती. मलाच भास झाला असेल."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला — स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त.

तित्तर शेजारी दिला. मामंजी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. त्या रात्री मुलं मामंजींच्या खोलीत झोपली आणि मला गाढ झोप लागली — हेही सांगायला हवं. पुढे मुलाच्या मास्तरांनी बोलता बोलता सांगितलं, की गर्दी आणि उकाडा वाढला की काही झिंगुरांना लांब पंख फुटतात, ते उडतात. पण मला पुरावा कशाला हवा होता?

काही वर्षांनी मामंजी गेले. तेराव्याला हातोदला जाऊबाई माझ्याजवळ बसून सांगत होत्या, "त्रास काही दिला नाही हो त्यांनी. फक्त एक सवय लागली होती. काही दिसलं की आधी विचारायचे. अंगणात मोर आला तरी मला हाक मारायचे — बेटा, तो मोरच आहे ना? मी हो म्हटलं, की मगच बघायचे."

त्या डोळे पुसत होत्या. मी ऐकलं, आणि पंगतीत भात वाढायला उठले.