चौदा माणसांचा फोटो

कुरुदच्या चौकात चंपत झंझाडचं फ्रेमचं दुकान आहे. पोलादाच्या प्लँटमधून रिटायर झाल्यावर बाकीच्यांनी पोटं वाढवली, चंपतने काच कापायचा हिरा विकत घेतला. तीस वर्षं भट्टीपाशी उभा राहिलेला माणूस, त्याला घरी बसवेना. खरं सांगायचं तर मनकर्णालाही नवरा दिवसभर घरात बसलेला बघवेना.

गिऱ्हाईक फोटो घेऊन आलं की चंपत साइज नंतर विचारतो. आधी चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "आहेत का गेले?"

असले तर फ्रेम साधी. गेले असले तर वरच्या दोन कोपऱ्यांत पितळी हूक, हार अडकवायला. सगळ्या घराचा एकत्र फोटो असला आणि त्यातलं एक जरी माणूस जिवंत असलं, तर हूक नाही म्हणजे नाही. "गेलेल्याचा येगळा काढून आण," म्हणतो. लोक चिडतात, दुसरीकडे जातो म्हणतात. चंपत रस्ता दाखवतो.

हे खूळ काही उगाच नाही. दुकान नवं होतं तेव्हा सेक्टर २ मधल्या बाबुलालची बस उलटली. माणूस गेला अशी खबर आली. भाऊ रडत रडत फोटो घेऊन आला, चंपतने तासाभरात फ्रेम करून दिली, हूक लावून. तिसऱ्या दिवशी हाताला प्लास्टर बांधून बाबुलाल स्वतःच दारात उभा. गेलेला बाबुलाल दुसराच कोणी होता. याने पाहिलं तर भिंतीवर आपलाच फोटो, त्याला हार, खाली दिवा. तो हसला, पण त्याच्या आईने अंथरूण धरलं ते महिनाभर सोडलं नाही. बाबुलाल अजून ठणठणीत आहे. फक्त खोकला आला की चंपतचं नाव घेतो.

तर त्या दुकानात एका सोमवारी मृणाल आली. सेक्टर १० मधल्या ऑफिसरची मुलगी, शाळेत इतिहास शिकवते. तिच्याजवळ तीस फोटो होते, परदेशातल्या कुठल्या तरी संग्रहालयाने पाठवलेले. शाळेच्या हॉलमध्ये रविवारपासून प्रदर्शन होतं.

"काका, सगळ्या फ्रेमा एकसारख्या काळ्या करा. आणि हूक-बिक काही लावू नका, प्लीज."

"आहेत का गेले?"

मृणालला हा प्रश्न माहीत होता. मग तिने सांगितलं. युरोपातली ज्यू माणसं. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांमागे जर्मनीत हिटलरचं राज्य होतं, त्या राज्याने लाखो माणसं मारली. साठ लाख.

"कावून मारलं?"

"ज्यू होते म्हणून."

"अन् अजून काई?"

"अजून काही नाही, काका."

चंपतने हिरा हातात घेतला होता, तो खाली ठेवला. मग पुन्हा उचलला. काम तर करायचंच होतं.

तीन गठ्ठे होते. पहिला आधीचा. दुकानापुढे उभा राहिलेला शिंपी, नदीवर डबे घेऊन गेलेल्या पोरी, लग्नातली वरात. फ्रेमवाल्याला एक गोष्ट लगेच कळते, फोटो हौसेने काढलेला आहे की नाही. यांनी भांग पाडले होते, पोरांची नाकं पुसली होती. दुसऱ्या गठ्ठ्यात ज्यू असल्याची खूण म्हणून कोटावर कापडी चांदणी शिवलेली माणसं, गाठोडी घेऊन चौकात बसलेल्या बाया. त्यात कोणी भांग पाडलेला नव्हता. पुष्कळसे फोटो मारणाऱ्यांच्याच शिपायांनी काढले होते, असं मृणालने सांगितलं. तिसरा गठ्ठा नंतरचा, युद्ध संपल्यावरचा. वाचलेल्यांच्या छावणीतलं एक लग्न, नवरीचा झगा मागून आणलेला, खांद्यात सैल. एका भिंतीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. कोणी कोणाला शोधत होतं.

एकोणतीस फोटोंच्या फ्रेमा चंपतने केल्या. त्यात कोण वाचलं, कोण गेलं, हे पाठवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही तिथे हूक नाही, हा त्याचाच नियम. तिसावा फोटो मात्र अडला.

पोलंड देशातल्या कुण्या घरचा तो फोटो. बाकावर आजी-आजोबा, मागे लेक-सुना, पुढे जमिनीवर पोरं. चौदा माणसं. खाली चौदाही जणांची नावं. अकरा नावांपुढे मारल्याचं साल. तिघांपुढे फक्त 'वाचले'. आजीच्या मांडीवरची दोन वर्षांची रिव्का, तिची एक आत्या आणि एक चुलतभाऊ. रिव्काला एका शेतकरणीने कोठारात लपवली होती.

बुधवारी चंपतने मृणालला फोन लावला.

"बाई, हे तिघं आता हायेत का?"

"काका, मला कसं माहीत असणार?"

"माहीत करून घ्या ना. तिघंही गेले असतीन तं मी हूक लावतो. एक जरी असन तं लावता येत नाई. मंग त्या अकराईचं का करू? त्याइले हार घालाले मांगं कोणी उरलंच नाई."

"मी हूक लावू नका म्हटलं होतं."

"तुमी म्हटलं. मी आयकलं. पण हे नावानिशी हायेत वो."

मनकर्णा भाजी निवडता निवडता ऐकत होती. ती म्हणाली, "तुमाले काय करायचं? त्या पोरीले कापून येगळी करा, बाकीच्याइले लावा हूक. लोकाइचे करता ना तसे."

चंपतने फोटो तिच्यापुढे धरला. आजीचे दोन्ही हात पोरीच्या पोटाभोवती होते. कापायचं तर आजीचे हात कापावे लागले असते. मनकर्णा पुन्हा भाजीकडे वळली.

मृणालने संग्रहालयाला मेल टाकली. हूक म्हणजे काय, हार कशाला, बाबुलालचं काय झालं, सगळं इंग्रजीत लिहिताना तिला घाम फुटला. त्यांनी ती पुढे रिव्काच्या नातीला पाठवली. शुक्रवारी उत्तर आलं आणि मृणाल शाळा सुटताच स्कूटी घेऊन दुकानात हजर झाली.

"आहे, काका. रिव्काबाई आहेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. अर्जेंटिनात असतात."

चंपतने हातातला हूक डब्यात टाकला. "वाचलो. नाई तं अजून एक बाबुलाल झाला असता." मग तोंड उतरलं. "म्हंजे अकरा जण तसेच."

"ऐका तर. आत्या आणि चुलतभाऊ नंतर म्हातारपणी गेले, आपापल्या अंथरुणात. म्हणजे तेरा झाले. आणि त्या म्हणतात, आमच्यात गेलेल्यांना फुलं वाहायची रीत नाही. कबरीवर खडा ठेवतात. येणारा एक खडा ठेवून जातो. पण यांच्यातल्या बहुतेकांना कबरच नाही. ज्या काकांनी आमच्या माणसांची चौकशी केली, त्यांना हरकत नसेल तर त्यांनी फोटोपाशी खडे ठेवावेत, असं त्या म्हणाल्या."

"खडा?" चंपत म्हणाला. "काचीवर खडा कसा ठेवू?"

मृणालला हसू आलं. चंपतला नाही आलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "हार घातला तं तो साऱ्याइच्याच गळ्यात पडते. खडे तं मोजून ठेवता येतात."

शनिवारी मनकर्णा बहिणीकडे दुर्गला गेली होती, तिला फोन करून त्याने शिवनाथ नदीच्या काठचे खडे आणायला सांगितलं. म्हातारपणी नवरा खडे मागतो म्हणून बहिणी-बहिणी पोटभर हसल्या. पण मनकर्णाने आणले ते तांदळातून निवडावे तसे निवडून, धुऊन. नऊ मोठे, चार लहान. पुढे बसलेली चार पोरं तिने त्या दिवशी मोजून ठेवली होती, हे चंपतला तेव्हा कळलं.

फ्रेमच्या खाली बसवायला त्याने सागवानाची अरुंद फळी घेतली. तिच्यावर तेरा खडे ओळीने मांडले आणि शेवटच्या खड्यापाशी पेन्सिलने खूण केली. तेवढ्यात फ्रेमा न्यायला मृणाल आली.

"काका, फळी थोडी लांब ठेवा ना," ती हळूच म्हणाली. "हे फोटो आमच्याकडेच राहणार आहेत. रिव्काबाईंचं वय बघता..."

"ती बाई हाय ना?"

"आहे."

"मंग चौदाव्याची जागा आतापासून कावून करून ठेवू?" चंपत म्हणाला, आणि त्याने खुणेवर करवत लावली.