नळीखाली कोरलेला देश

ज्या रायफलच्या खोक्यावर मिनेसोटाचं जंगल छापलंय ती तुर्कस्तानात बनलेली असेल, तर ते जंगल कुणाला फसवायला छापलं?

शिकारीच्या रायफली विकणाऱ्या एका कंपनीची वेबसाइट मी सांभाळायचे. ऑफिस अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात, टीममध्ये निम्मी मराठी माणसं. कंपनीचा स्वतःचा कारखाना लांबच्या एका गावात होता. मी रुजू झाले त्याच वर्षी तो बंद केला. यंत्रं लिलावात गेली, कामगारांना निरोपाचा केक वाटला. नाव तेवढं ठेवलं, आणि त्या नावाखाली बाहेरून बनवून आणलेली रायफल विकायला काढली.

माझं लहानपण नागपुरात, वडिलांच्या पुस्तिकांच्या स्टॉलमागे गेलं. आमच्याकडे पुस्तिका हातात आली की आधी उलटी करायची, छापली कुणी ते बघायचं, मगच वाचायची. त्याच सवयीनं फोटोसाठी आलेली रायफलही मी उलटी केली. नळीच्या खालच्या अंगाला, लाकडाला अगदी चिकटून, बारीक अक्षरांत तुर्कस्तानचं नाव होतं. कायदा सांगतो म्हणून कोरलेलं, आणि गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून तिथे.

मी ते वेबसाइटवर लिहिलं. तासाभरात मॅनेजरनं काढलं. म्हणाला, "त्याऐवजी टाक, 'आपल्या अमेरिकन माणसांच्या हातची रायफल'."

आमचे टीम लीड पुण्याचे, वयानं मोठे. मी त्यांना काका म्हणायचे. ते खुर्चीपाशी आले.

"अगं, टाकून दे ना ती ओळ. तुला कुठे हरणं मारायचीत?"

"काका, खोटं आहे ते."

"आणि तू कोण गं? तू स्वतःच इम्पोर्टेड माल!"

शेजारचे दोघं खिदळले.

"हो, पण मी माझा पासपोर्ट लपवत नाही."

"व्हिसा गेला की दाखवत बस, एअरपोर्टवर."

तुर्कस्तानातल्या कारागिरावर माझा राग नाही. तोही आपल्यासारखाच, स्वस्तात मिळतो म्हणून निवडलेला. राग आहे तो कारखाना मोडून त्याच कारखान्याचा अभिमान विकणाऱ्यांवर. आणि शनिवारी घरून एकेक पदार्थ आणून जमायच्या पॉटलकला तासभर स्वाभिमानावर बोलून सोमवारी निमूट खोटं टाइप करणाऱ्या आमच्या माणसांवर तर जास्तच.

मी मॅनेजरला म्हटलं, ही ओळ टाकायला मला ईमेलवर सांगा, लगेच टाकते.

"एवढ्याशा गोष्टीला ईमेल कशाला?" तो हसला. ईमेल आला नाही. आठवडा संपायच्या आत माझी नोकरी गेली. ओळ काकांनी टाकली. ती अजून तिथेच आहे. व्हिसावरच्या माणसाला नवी नोकरी शोधायला फार थोडे दिवस मिळतात. त्यातला आजचा दिवस मी हे लिहिण्यात घालवला.

तुमच्यातले कितीतरी जण अशाच कीबोर्डपुढे बसतात. उद्या कुणी खोटी ओळ टाकायला सांगितली तर भाषण देऊ नका, राजीनामाही नको. फक्त लेखी मागा. आणि शेजारच्या खुर्चीतलं कुणी लेखी मागत असेल, तर त्याच्या वाटची ओळ तुम्ही टाकू नका.