काठीवरचं रबर

रोज सकाळची कॉफी संपली की म्हातारी दोन्या फिदेला, गावाने मानाने ‘दोन्या’ म्हटलेली, सायकलची टाकाऊ ट्यूब मांडीवर घेई आणि कात्रीने तिच्या लांबच लांब पट्ट्या कापी. पट्ट्यांचा गुंडा गाडीच्या सीटखाली जाई. अर्लिमार्ट गावातल्या त्या घरात खुर्चीचा पाय, बागेतला पाइप, सगळं त्या पट्ट्यांनी बांधलेलं. तिची काठीही मधोमध मोडलेली, तिनेच सांधलेली.

सून इर्माला लाज वाटे. "आई, या घरात मलमपट्टी नसलेलं काही आहे का?"

"तू आहेस की. अजून तरी."

बदामाच्या हंगामात, शनिवारी, शहरात नात्यातल्या बाळाचा बाप्तिस्मा होता. इर्मा गाडी चालवत होती. मागे फिदेला, तिला बिलगलेली सहा वर्षांची नात चायो, पायाशी जास्वंदीच्या सरबताची बरणी. दोन्ही बाजूंना बदाम पाडायला यंत्रं झाडं गदागदा हलवत होती. धुळीने रस्ता दिसेना. चायोच्या छातीत शिट्टी वाजू लागली. इर्माने तिचं दम्याचं फवाऱ्याचं औषध पुढे केलं. दोनदा दाबलं, डबी रिकामी.

"हॉस्पिटलला घे. सरळ," फिदेला मागून म्हणाली.

इर्माने गाडी दामटली आणि थोड्याच वेळात बॉनेटखालून वाफ उसळली. रेडिएटरचा पाइप फाटला होता. एक ट्रक आला, न थांबता गेला. मग रस्ता मोकळाच.

"सीटखालचा गुंडा दे," फिदेला म्हणाली.

इर्मा हलली नाही.

"अगं, दे ना."

"टाकला मी. काल गाडी साफ केली... पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून."

म्हातारीने तिच्याकडे एकदाच पाहिलं. चायोचे ओठ निळसर पडत होते. फिदेला बॉनेटला टेकून उभी राहिली आणि नखांनी काठीवरची पट्टी उकलू लागली.

"आई, चालाल कशा?"

"मला कुठे चालायचंय? चालायचं गाडीला. पोरीला ताठ बसव, पाठ चोळ."

काठीचे दोन तुकडे झाले. पाइप हाताला सोसेपर्यंत थांबणं भाग होतं. ती तेवढी मिनिटं इर्मा पोरीचा एकेक श्वास कानांनी ओढत होती. मग फिदेलाने पट्टी ताणून ताणून गुंडाळली, एकावर एक, दातांनी गाठ मारली.

"पाणी?"

पाणी नव्हतं. इर्माने बरणी उचलली आणि लालभडक सरबत रेडिएटरमध्ये ओतलं.

"साखर कमीच घातलीय," म्हातारी पुटपुटली. "रेडिएटरचं झाकण सैल ठेव, दाब चढायला नको. आणि हळू चालव, घाई केलीस तर फुटेल."

हळू चालवणं इर्माला आयुष्यात तेवढं जड कधी गेलं नव्हतं. हॉस्पिटलच्या दारात ती पोरीला उचलून आत धावली.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. फिदेला गाडीतच होती, मांडीवर काठीचे दोन तुकडे.

"घेतेय श्वास?"

"घेतेय. झोपलीय आता."

नंतर इर्माने नवी काठी आणली, पण ती काठी दाराआडच पडून राहिली. शेवटी इर्मानेच ट्यूब कापून जुनी सांधली, वेडीवाकडी. फिदेला चालती होती तोवर तीच वापरत होती. अंथरुणाला खिळल्यावर सकाळच्या पट्ट्या इर्मा तिच्या उशाशी बसून कापायची. शेवटच्या संध्याकाळी म्हातारीने कात्रीच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"बोथट झालीय गं. उद्या काचेच्या बाटलीच्या गळ्यावर घासून धार लाव."